मधलं प्रकरण

बत्तीस वर्षं मी सोलापुरात पोरांना मराठी शिकवलं. त्यातली निदान वीस तरी ‘प्रस्तुत उताऱ्यातील मध्यवर्ती कल्पना तुमच्या शब्दांत सांगा’ हा प्रश्न काढण्यात आणि त्याची एकसारखी उत्तरं तपासण्यात गेली. ही सवय अशी हाडात जाते, की पुढे माणूस लग्नपत्रिका, विजेचं बिल, भेळेचा कागद, काहीही वाचताना मध्यवर्ती कल्पना शोधू लागतो. त्यामुळे निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी आहाराचा तक्ता हातात ठेवला तेव्हा तोही मी वाङ्मय म्हणूनच वाचला.

वाङ्मय म्हणून तो फारसा बरा नव्हता. शैली तुटक, विशेषणांचा दुष्काळ. ‘साखर : बंद. बटाटा : बंद. तळलेले : बंद. भात : एक वाटी. चालणे : ४५ मिनिटे.’ नकाराचा इतका एकसुरी पाढा मी नवकवितेतही वाचला नव्हता. मध्यवर्ती कल्पना मात्र स्वच्छ होती. उंची पाच फूट पाच इंच, वजन ९२ किलो, रक्तातली साखर हद्दीबाहेर. तेव्हा सर, आता पुरे.

मी आज्ञाधारक माणूस. शंभर पानी वही आणली, तिच्यावर ‘वजन’ असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली आणि दर गुरुवारी सकाळी निरशा पोटी काट्यावर उभा राहू लागलो. पाच महिन्यांत ९२ चे ८४.२ झाले. काय ते दिवस होते! पूर्वी ज्याचे पैसे द्यायचे आहेत असा माणूस नव्या पेठेत दिसला, की मी रस्ता ओलांडून पलीकडे जात असे. आता ओळखीचा कोणीही दिसला, तरी रस्ता ओलांडून त्याच्याकडे जायचो. पट्ट्यात दोन बोटं घालून विजारीची ढिलाई दाखवायचो. तोही बिचारा ‘वा सर, वाळलात की!’ म्हणायचा. आमच्याकडे हे वाक्य एरवी सहानुभूतीनं म्हणतात, हे मी साफ विसरलो होतो.

आणि एका गुरुवारी काटा थांबला. ८४.२. पुढच्या गुरुवारी ८४.२. त्याच्या पुढच्या गुरुवारी ८४.२. तक्ता तोच, चालणं तेच, संध्याकाळचा भात कधीच सुटलेला. काटा जागचा हलेना. ही म्हणाली, ‘अहो, सेल गेला असेल.’ नवा सेल घातला. नव्या जोमानं ८४.२.

मग मी इतरांची मतं घ्यायला निघालो. रद्दीवाल्यानं मला ८२ भरवलं. पण रद्दीवाल्याचा काटा नेहमी कमीच दाखवतो हे आठवलं, आणि तो आनंद घरापर्यंतही पोचला नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा आली, होम मैदानावर गड्डा भरला. पाळण्यांच्या अलीकडे एक पोरगं काटा मांडून बसलं होतं. ‘या मालक, वजन बघा!’ बघितलं. ८६. चपला काढून बघितलं. ८६. पोरगं सहज म्हणालं, ‘जिलबी खाऊन आलात काय मालक?’ मी उत्तर दिलं नाही. खरं तर त्याच दुकानासमोरून मी नाक दाबून आलो होतो.

अकराव्या गुरुवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वही चाळली आणि शांतपणे म्हणाले, ‘हा प्लॅटो आहे.’

मी दचकलो. प्लेटो मला ऐकून ठाऊक. त्यानं आपल्या आदर्श राज्यातून कवींना हाकललं होतं. पण माझ्यासारख्या गद्य माणसाच्या चरबीशी त्याचं काय वैर? डॉक्टर हसले. ‘पठार हो सर, पठार. वजन उतरता उतरता सपाटीला लागतं.’ आता सोलापूरकरानं पठाराची तक्रार कुठल्या तोंडानं करायची? आमचा जन्मच दख्खनच्या पठारावरचा. आमच्या गावात चढ म्हणजे पुलाचा आणि उतार म्हणजे वयाचा. मी मान हलवली आणि घरी आलो.

मास्तराला एखादं दुःख सोसेना, की तो संदर्भग्रंथ काढतो. मीही काढले. वजन उतरवण्याचं वाङ्मय हा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि चरित्र, प्रवासवर्णन, भक्तिकाव्य असा तिन्हींचा मसाला त्यात असतो. अशा प्रकाराची समीक्षा कोणीतरी करायलाच हवी. ती मी आता करणार आहे. वाचकांनी हवं तर एखादी भाकरी बाजूला ठेवून वाचावी.

या प्रकारातला आद्य म्हणावा असा ग्रंथ लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थांचा. १८६३ सालचं लहानसं चोपडं आहे. गृहस्थांचा धंदा अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा. उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला, तर माझे ९२ किलो म्हणजे २०२ पौंड आणि वर किंचित. दीडशे वर्षांच्या अंतरानं जन्मलेले आम्ही जुळे भाऊ. वजन उतरावं म्हणून बँटिंगसाहेबांनी होडी वल्हवून पाहिली. तर भूकच दणदणीत वाढली. शेवटी ऐकू कमी येतं म्हणून ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले, आणि त्या डॉक्टरांनी त्यांचं पाव, लोणी, साखर, दूध, बिअर, बटाटे बंद केलं. वर्षभरात ४६ पौंड उतरले. या आनंदात त्यांनी पुस्तकाची पहिली आवृत्ती स्वखर्चानं छापून फुकट वाटली. इतकी निरिच्छ वृत्ती पुढे फक्त आपल्या नवोदित कवींतच दिसते. ग्रंथ प्रांजळ आहे. पण वाचकाच्या मनात शेवटी दोनच आकडे राहतात : २०२ आणि १५६. मधलं सगळं वर्ष गळून जातं.

आणि इथूनच या वाङ्मयाला दृष्ट लागली असं माझं मत आहे. आजही जाहिरातीत दोन फोटो असतात : ‘तेव्हा’ आणि ‘आता’. ‘तेव्हा’तला माणूस अंधारात, खांदे पाडून उभा, ‘आता’तला उजेडात, दात दाखवून. तिसरा फोटो नसतो. अकराव्या गुरुवारी वही हातात घेऊन बसलेल्या माणसाचा फोटो कोणीच काढत नाही.

आपल्या मराठीत हा विषय अजरामर केला तो पु. ल. देशपांड्यांनी, १९५८ च्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये. पंतांच्या त्या उपासाला अख्खी चाळ सल्ले देते, प्रत्येकाचा सल्ला वेगळा, आणि सरतेशेवटी काटा उलट वरच जातो. मी ते वर्गात कितीतरी वेळा वाचून दाखवलं आहे. मुलांबरोबर मीही पोट धरून हसलो आहे. तेव्हा धरण्याजोगं पोट होतं. यंदा पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलंच, पण मागोमाग एक समीक्षकी शंकाही आली. वजन वाढलं तर हास्यरस. वजन घटलं तर वीररस. आणि जागच्या जागी राहिलं तर? साहित्यशास्त्रात नऊ रस सांगितले आहेत, ‘८४.२, ८४.२, ८४.२’ हे त्यांतल्या एकातही बसत नाही. शांतरस म्हणावा, तर मी शांत नव्हतो.

गंमत अशी, की १९५८ सालीच तिकडे अमेरिकेत मॅक्स विश्नॉफ्स्की नावाच्या डॉक्टरांनी एक गणित मांडलं. एक पौंड चरबी म्हणजे सुमारे ३५०० उष्मांक. म्हणजे रोज ५०० उष्मांक कमी खाल्ले, की आठवड्याला एक पौंड उतरावा. डॉक्टर चरबीबद्दल बोलत होते, पण पुढच्या वाचकांनी त्यावरून सरळ रेघ ओढली, आणि ती रेघ भिंतीवरच्या तक्त्यांतून, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून हिंडत आमच्या घरापर्यंत आली. मी ती रेघ पुढे वाढवून पाहिली. २०२ पौंड, आठवड्याला एक. म्हणजे २०२ आठवडे. चार वर्षं पुरी व्हायला सहा आठवडे बाकी असतानाच मी शून्य किलो होणार. सहा आठवड्यांनंतर, चौथ्या वाढदिवशी, ही औक्षण कोणाचं करणार? ज्या कथानकात नायकच पानागणिक लहान होत जातो, त्यात कथानकाचा वेगही कमी व्हायला हवा, ही साधी गोष्ट कोणा समीक्षकाच्या लक्षात आली नव्हती. लहान देहाला खर्चही लहानच लागतो. ९२ किलोंचा मास्तर होम मैदानाला फेरी मारताना जेवढं जाळतो, तेवढं ८४ किलोंचा जाळत नाही.

आमच्या घरात तर या वाङ्मयाचे दोन संप्रदाय नांदतात. मुलगा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा : दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आवरायचं, मध्ये काही नाही. सून ऋजुता दिवेकरांची. त्यांच्या २००९ च्या गाजलेल्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडं थोडं खायला सांगितलं आहे. एकाच्या घड्याळात दोन ठोके, दुसऱ्याच्या घड्याळात सात. माझा तक्ता दोघांपैकी कोणाचाच नसल्यानं मी तटस्थ वाचक. समीक्षक म्हणून इतकंच सांगतो, की दोन्ही ठिकाणी एक जागा समान आहे : येता-जाता तोंड चालवायला मनाई. भांडणात ती जागा कोणी वाचत नाही. सगळे घड्याळच वाचतात.

पण मला हवं असलेलं मधलं प्रकरण सापडलं ते भलतीकडेच. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात उपाशी माणसांचे तांडे पडले होते, आणि त्यांना पुन्हा कसं जेवू घालायचं हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. ते कळावं म्हणून १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं. १९५० साली त्याचे दोन जाड खंड निघाले. त्या मुलांचं वजन जवळजवळ चतुर्थांश उतरलं. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की त्यांच्या देहांनी खर्च आवरता घेतला. नुसतं पडून राहण्यासाठी लागणारी शक्तीच सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. हातपाय गार पडू लागले, नाडी मंदावली. जिना चढायचा कंटाळा. आणि दिवसभर मनात अन्न. काहीजण तर स्वयंपाकाची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. (हा मजकूर वाचत होतो तेव्हा माझ्या उशाखाली मासिकातलं ‘हुरड्याचे सात प्रकार’ हे पान होतं. मी ते काढून हिच्याकडे दिलं.) पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्याच वजन उतरवण्याच्या दूरदर्शन-स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनंतर तपासलं, तेव्हाही त्यांचे देह अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमीच खर्च करत होते. स्पर्धा संपली होती, बक्षिसं वाटून झाली होती. शरीरानं काटकसर सोडली नव्हती.

हे वाचलं आणि मला आमची आई आठवली. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा आईनं कोणाला काही सांगितलं नाही. भाकरीचा घेर बोटभर लहान झाला. कंदील घटकाभर आधी मालवू लागला. दर अमावास्येला लागणारं तेल कुठून तरी अर्ध्यावर आलं. आम्ही पोरं सारखी इकडून तिकडे उड्या मारायचो, तर म्हणायची, ‘बसा की रे एका जागी.’ तेव्हा वाटायचं, आई कंजूष झाली. माझं शरीर अकरा आठवडे तेच करत होतं, आणि मी त्याला रोज सकाळी आळशी म्हणत होतो. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की ही टाळेबंदी मी हौसेनं केलेली आहे?

आता खरं सांगायचं, तर सगळा दोष त्या काटकसरीचा नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘सर, आठवडाभर पोटात जाईल ते सगळं लिहा. तोंडी लावणंसुद्धा.’ तोंडी लावणं! सोलापुरात शेंगाचटणीला कोणी पदार्थ म्हणत नाही. ती हवेसारखी असते. कडक भाकरी, वर शेंगाचटणी, चटणीत बोटानं केलेलं आळं, आळ्यात तेलाची धार. हे मी कधी मोजलंच नव्हतं. मोजलं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर उष्मांक, तेलाच्या मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास. पहिल्या महिन्यात सपाट असलेला चमचा पाचव्या महिन्यात शिखर शिंगणापूर झाला होता. हिला विचारलं, ‘तुझ्या लक्षात आलं नाही?’ ही म्हणाली, ‘आलं होतं. पण तेवढं एकच तर खाताना तुम्ही हसायचात.’ यावर काय बोलायचं ते बत्तीस वर्षांच्या अध्यापनात कुठे आलं नव्हतं.

इथवर समीक्षा ठीक चालली होती. आता माझ्याच वाचनातली चूक सांगतो.

आमच्या शेजारी अण्णा राहतात. टॉवेलच्या कारखान्यात आयुष्य गेलं. घरात तेलुगू, दारात मराठी. मी चालायला लागलो तसे तेही बरोबर येऊ लागले. मी वहीत त्यांच्यासाठी उजवीकडे एक रकाना आखला. आणि काय सांगू, माझा काटा थांबला त्याच सुमारास अण्णांचा घसरू लागला. ७०, ६८, ६५.५. ना तक्ता, ना वाटी मोजणं. भात दुप्पट. मला हेवा वाटला, आणि हेवा लपवायला मी स्तुती केली. ‘अण्णा, तुम्ही म्हणजे लघुकथा. मी कादंबरी!’ ते कसंनुसं हसायचे आणि बाटली तोंडाला लावायचे. एका फेरीत दोन बाटल्या पाणी. अक्कांनी एकदा कुंपणावरून विचारलं, ‘सर, ह्यांचं वजन कशानं उतरालंय? रातीला चारदा उठतेत.’ मी त्यांना चयापचयावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. अक्का ‘हो का’ म्हणाल्या. शिकल्या-सवरलेल्या माणसानं सांगितलं म्हणून गप्प बसल्या.

६१ वर अण्णा होम मैदानाच्या कडेला मटकन बसले. रक्तातली साखर ४२८. रात्रीचं उठणं, ती तहान, ते उतरणं, सगळं एकाच वाक्याचे शब्द होते. खाल्लेलं अन्न शरीराला वापरताच येत नव्हतं. ते स्वतःलाच जाळत होतं. मी ते वाक्य माझ्या हातानं, माझ्या अक्षरात, दर गुरुवारी उतरवून घेतलं होतं, आणि समासात ‘उत्तम’ असा शेरा मारला होता. आयुष्यभर पोरांना बजावलं, की संदर्भ सोडून ओळीचा अर्थ लावू नये. परीक्षेची वेळ आली तेव्हा मास्तरच नापास.

वेळेवर इन्सुलिन मिळालं. अण्णा आठ दिवसांनी घरी आले. वजन हळूहळू ६४ वर गेलं आणि तिथे राहिलं. तीन आठवडे ६४ निघालं तेव्हा अक्का पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. ‘सर, काटा थांबला!’ दोन मधुमेह्यांच्या घरांत मिळून ते पेढे कोणी खायचे, हा प्रश्न मुलानं सोडवला; एकच बैठक, ५५ मिनिटांच्या कितीतरी आत.

त्या रात्री वही उघडून बसलो. डावीकडे ८४.२, खाली ८४.२, खाली ८४.२. उजवीकडे ६४, ६४, ६४. एका पानावर दोन पठारं. एकाचं रडगाणं मी अकरा आठवडे गायलो, दुसऱ्याचे अक्कांनी पेढे वाटले. नुसता आकडा वाचून यातलं काय कळतं? मग मी माझ्या बाजूला डॉक्टरांनी दिलेले बाकीचे कागद चिकटवले. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.९ वरून ६.६. कमरेचा घेर चार बोटं आत. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबणं बंद. या गोष्टी काट्याला दिसत नाहीत. तो एकाच विषयाचा परीक्षक.

काटा पुढे कधी हलला असं विचाराल. चटणीचा चमचा आता सुरीनं सपाट करून घेतो, आठवड्यातून तीनदा मुलाच्या जुन्या डंबेल्स उचलतो, आणि डॉक्टर म्हणतात, थोडं उतरेल, नाही उतरलं तरी इथं टिकून राहणं हेही कामच आहे. मधलं प्रकरण लांबलेलं आहे, एवढं मात्र खरं.

आज गुरुवार. सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकडून वळताना अण्णांनी विचारलं, ‘किती सर?’

‘तेवढंच. तुमचं?’

‘माझंपण तेवढंच.’

‘मग?’

‘मग काय, अजून एक फेरी मारू की.’

मारली. घरी आलो तर ताटात भाकरी होती, चटणी होती, आणि शेजारी सुरी नीट पुसून ठेवलेली होती.